श्रीलंका: पाऊस कुठल्या बाजूला आणि सण कुठल्या पौर्णिमेला?

वाटसरू_ठाणे

श्रीलंकेचा बेत आखतोय. पाच जण आहोत: आम्ही दोघं, ९ आणि १३ वर्षांची मुलं आणि सासूबाई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास). नऊ-दहा दिवस मिळतील. कँडीची पेराहेरा (दंतमंदिराच्या उत्सवातली हत्तींची मिरवणूक) बघायची आहे आणि मुलांना समुद्र हवा आहे. आता अडचण अशी की पेराहेरा जुलै-ऑगस्टमध्ये आणि ट्रॅव्हलवाले सगळे एकमुखाने सांगतात की सीझन डिसेंबर ते मार्च, ऑगस्टमध्ये तिकडे पावसाळा. दुसरा पर्याय दिवाळीच्या सुट्टीचा. जाणकारांनी नीट सांगावं: ऑगस्टमध्ये समुद्र आणि सण दोन्ही जमतं का? गाडी, रेल्वे, जागा कधीपासून बघाव्या लागतील?

पाऊसपाणी

'डिसेंबर ते मार्च' हे फक्त नैर्ऋत्य किनाऱ्याचं उत्तर आहे. बेंतोटा, हिक्काडुवा, उनावटुना, मिरिसा ही गावं त्या काळात उत्तम. बेटाच्या पूर्व बाजूचं वेळापत्रक बरोबर उलटं चालतं.

कारण साधं आहे. बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, सर्वांत उंच पिदुरुतलागला २,५२४ मीटर. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारा येतो, कोलंबो-गॉल-रत्नपुरा-हॅटनवर सगळं पाणी ओततो आणि डोंगर ओलांडून पलीकडे कोरडा होऊन उतरतो. महाबळेश्वरला धो-धो आणि वाईच्या पुढे कोरडं, तसंच हे. पूर्वेकडे उतरणाऱ्या त्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्याला तिकडे 'कच्चान' म्हणतात. म्हणजे ऑगस्टमध्ये त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, अरुगम बे इथे ऊन असतं आणि समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा. तेव्हा पूर्वेला पाऊस आणि खवळलेला समुद्र, पश्चिमेला सुट्टीचा मोसम.

राहिले मधले दोन काळ. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी, सकाळी लख्ख. दोन्ही किनारे बऱ्यापैकी चालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र वेगळं प्रकरण. तेव्हा बाजू बदलून सुटका नाही, पाऊस सगळ्या बेटावर असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही त्याच सुमारास येतात. आपली दिवाळी नेमकी त्यात पडते.

तेव्हा आधी महिना ठरवा, मग किनारा. उलट केलंत, म्हणजे आधी बेंतोट्याचं हॉटेल आवडलं म्हणून बुक केलंत आणि तारखा ऑगस्टच्या निघाल्या, तर मुलं पाचही दिवस खिडकीतून लाल बावटा बघत बसतील. मे ते सप्टेंबर त्या किनाऱ्यावर पाण्याची ओढ जोरदार असते. ऊन पडलं तरी आत जाऊ नये.

पंचांगप्रेमी

सणांच्या तारखा शोधायला वेगळं काही लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथले बहुतेक बौद्ध सण पौर्णिमेला असतात. प्रत्येक पौर्णिमेला 'पोया' म्हणतात आणि त्या दिवशी सरकारी सुट्टी असते.

वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. पोसोन म्हणजे वटपौर्णिमा. अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेला त्या दिवशी प्रचंड गर्दी. एसल म्हणजे गुरुपौर्णिमा आणि निकिनी म्हणजे नारळीपौर्णिमा. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीच्या पौर्णिमेला उंदुवप पोया असतो. त्या दिवसापासून श्रीपादाच्या डोंगराची यात्रा सुरू होते आणि ती वेसाकपर्यंत चालते.

कँडीच्या उत्सवाचं नाव 'एसल पेराहेरा' असलं तरी तो संपतो निकिनी पोयाला. गुरुपौर्णिमा धरून तिकिटं काढणारे इथेच फसतात. शेवटची रांदोली (मोठ्या मिरवणुकीची) रात्र २०२३ मध्ये ३० ऑगस्टला, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ८ ऑगस्टला होती. आपली नारळीपौर्णिमाही त्याच दिवशी. तेव्हा नारळीपौर्णिमेपासून मागे दहा रात्री मोजा, तो तुमचा काळ. नक्की तारखा मात्र दलदा मालिगावा म्हणजे दंतमंदिराकडून जाहीर होतात, त्या बघूनच विमानाचे पैसे भरा.

अधिक मासाच्या वर्षी जास्त सावध. त्यांच्याकडेही 'अधि' पोया असतो, पण आपल्याच महिन्याला जोडून असेल असं नाही. २०२३ मध्ये आपला अधिक श्रावण होता, तिकडे अधि-एसल. त्यामुळे त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला त्यांचा 'अधि' पोया होता आणि खरा एसल पोया १ ऑगस्टला आला.

वाटसरू_ठाणे

हे फारच उपयोगी. म्हणजे ऑगस्ट + पूर्व किनारा + कँडी. आता पेराहेराच्या दहा रात्रींपैकी कुठली बघावी? सासूबाईंना गर्दीत तासन् तास उभं राहणं जमणार नाही.

ढोलताशा

पहिल्या पाच रात्री कुंबल, पुढच्या पाच रांदोली. रोज मिरवणूक वाढत जाते: हत्ती वाढतात, नर्तक वाढतात, वेळ वाढते, गर्दी आणि खुर्चीचे दर तर फारच वाढतात. रांदोलीत शेवटी पालख्या असतात, कुंबलमध्ये त्या नसतात. रांदोली हे नावच राणीच्या पालखीवरून आलं आहे.

क्रम माहीत असला की बघण्यात रंगत येते. सगळ्यांत पुढे चाबूकवाले. त्या फटक्यांचा आवाज आला की मिरवणूक निघाली समजायचं. मग आगीचे गोळे फिरवणारे, निशाणवाले, हत्तीवर बसलेला पेरमुणे राळ (मिरवणुकीच्या अग्रभागाचा मानकरी), ढोलवादक, कँडियन नर्तक. त्यानंतर मालिगावाचा मुख्य सुळेवाला हत्ती, पाठीवर बुद्धाच्या दाताच्या अवशेषाचं प्रतीक असलेला करंडक घेऊन. त्याचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून पुढे पांढरं कापड अंथरत नेतात आणि लोक तेव्हा उठून उभे राहतात, आपणही राहावं. त्याच्या मागून चार देवळांच्या स्वतंत्र मिरवणुका: नाथ, विष्णू, कतरगाम आणि पत्तिनी. परदेशी पाहुणे मोठा हत्ती गेला की उठून निघतात आणि या चार बघायच्या राहतात. पत्तिनीच्या मिरवणुकीत नर्तिका असतात, ती अजिबात चुकवू नये.

तुमच्यासाठी माझं मत: दुसरी किंवा तिसरी रांदोली. शेवटच्या दोन रात्री ज्येष्ठांना घेऊन जाऊ नका. पदपथावरची जागा फुकट असते, पण दुपारपासून धरून बसावी लागते. इमारतींच्या व्हरांड्यातल्या किंवा दुकानांसमोरच्या खुर्च्या पैसे देऊन मिळतात. घेताना तीन गोष्टी विचारा: कितवी रांग, डोक्यावर छत आहे का, शौचालय कुठे. तिसऱ्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि रस्ते बंद झाल्यावर तीच नडते. एकदा बसलं की चार-पाच तास उठता येत नाही.

कँडीत ऑगस्टमध्ये हॅटनइतका पाऊस नसतो, पण संध्याकाळची सर येऊ शकते. छत्री उघडली की मागच्या चार जणांचं दिसणं बंद होतं, म्हणून प्रत्येकाला डोक्यावरून घालायचा पातळ रेनकोट घ्या.

आणि एक: शेवटच्या रात्रीनंतर महावेली नदीत गेटंबेला पाणी कापण्याचा विधी होतो आणि त्या दिवशी दुपारी दिवसाची पेराहेरा निघते. दिवे-पलित्यांचा थाट नसतो, पण छोट्यांना आणि आजींना झेपणारी हीच.

दर्यावर्दी

पूर्व किनाऱ्याचं सांगतो. कुटुंबासाठी निलावेली किंवा उप्पुवेली घ्या, दोन्ही त्रिंकोमालीच्या उत्तरेला. अरुगम बे लाटांवर स्वार होणाऱ्यांचं गाव आहे, लहान मुलांना पोहायला पासिकुडा त्याहून बरं. तिथे उथळ पाणी बरंच आतपर्यंत जातं. पण पासिकुडा तुमच्या वाटेवर नाही, म्हणून निलावेली.

निलावेलीसमोर साधारण किलोमीटरभर आत पिजन आयलंड आहे, २००३ पासून राष्ट्रीय उद्यान. नळी-चष्मा लावून पोहायला फार सुंदर, काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क दिसतात, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. सकाळी पहिल्या होड्यांनी जा. उशिरा वारा वाढतो, पाणी गढूळ होतं आणि गर्दीत लोक प्रवाळावर उभे राहतात. मुलांना आधी हॉटेलच्या तलावात चष्मा घालून श्वास घ्यायची सवय करा आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू देऊ नका. प्रवाळाला पाय लावायचा नाही हे त्यांना निघायच्या आधीच सांगून ठेवा. तुटलेलं प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षं जातात. क्रीमपेक्षा अंगभर बाह्यांचे पोहण्याचे कपडे बरे, कच्चान वाऱ्यात ऊन कळत नाही आणि पाठ भाजून निघते.

सासूबाईंसाठी कोणेश्वरमचं शिवमंदिर. फोर्ट फ्रेडरिकच्या आतून रस्ता जातो, किल्ल्यात चितळं मोकळी फिरतात, देऊळ थेट समुद्रावरच्या कड्यावर आहे. दुपारी फरशी तापते, अनवाणी चालवत नाही, म्हणून संध्याकाळी.

मे ते ऑगस्ट त्रिंकोमालीहून देवमासे बघायच्या होड्याही जातात. मिरिसाच्या होड्यांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. ऑगस्टमध्ये कोणी मिरिसाची बोट विकत असेल तर घेऊ नका.

रानवेडा

ऑगस्टचा खरा दागिना म्हणजे मिन्नेरिया. कोरड्या दिवसांत तलावाचं पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती तिथे जमतात. जुलै ते ऑक्टोबर, भर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

पण हत्ती गवतासाठी येतात, पाण्यासाठी नाही, हे लक्षात घ्या. वरच्या धरणांतून पाणी सोडून तलाव भरलेला ठेवला तर गवत बुडतं आणि कळप कौडुल्ला किंवा हुरुलूकडे सरकतात. त्यामुळे 'मिन्नेरियाची जीप' असं आधीच पक्कं करू नका. हबरणामध्ये पोहोचल्यावर त्या दिवशी कळप कुठे आहे ते दोन-तीन जीपवाल्यांना विचारा आणि त्याप्रमाणे उद्यान ठरवा. दुपारी तीनच्या सुमारास आत जावं.

'याला' या दक्षिणेकडच्या उद्यानाला हे वेळापत्रक लागू नाही. यालाचा मुख्य भाग सहसा सप्टेंबरमध्ये बंद करून ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतात. तुमच्या बेतात याला बसतही नाही, ओढूनताणून घालू नका.

हत्तीवर बसायच्या सहली दिसतील. त्या टाळा, मुलांना मोकळे कळप दाखवा.

आगगाडी

कँडी-एल्ला रेल्वे सगळ्यांनाच हवी असते. आरक्षण साधारण महिनाभर आधी उघडतं आणि पेराहेराच्या दिवसांत पाहता पाहता संपतं. नाही मिळालं तर कँडीऐवजी नानू ओयाहून बसा. सर्वांत देखणा भाग तिथून पुढेच आहे, वेळही निम्म्याच्या आसपास लागतो, आणि आजींना सहा-सात तास बसावं लागत नाही.

हवामानाची गंमत याच मार्गावर डोळ्यांनी दिसते. पट्टिपोला आणि ओहियाच्या मध्ये सुमारे १,९०० मीटरवर रेल्वेचा माथा आहे आणि तिथेच एक बोगदा. ऑगस्टमध्ये बोगद्याच्या अलीकडे काचेवर पाण्याच्या धारा आणि पलीकडे कोरडं ऊन, असं बऱ्याचदा होतं. बंडारवेला-एल्लाची बाजू ऊवा प्रांताची. जुलै ते सप्टेंबर तिथल्या कोरड्या वाऱ्याने चहाला खास वास येतो, तोच ऊवाचा नावाजलेला हंगाम. नुवारा एलियाचा हंगाम जानेवारी-मार्च. म्हणून ऑगस्टमध्ये डोंगरात राहायचं तर नुवारा एलियात नको, एल्लात.

२०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दित्वा चक्रीवादळाने डोंगरातल्या लोहमार्गाचं फार नुकसान झालं. तिकीट काढायच्या आधी तुमचा पूर्ण टप्पा चालू आहे ना, हे श्रीलंका रेल्वेकडून पक्कं करा.

हिशेबी

सगळं पटलं, पण ऑक्टोबरला एकदम फुली मारू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हॉटेलं स्वस्त असतात, गर्दी नसते, पाऊस दुपारी येऊन जातो. सकाळी सहा ते बारा फिरा, दुपारी झोपा. तरुण जोडप्यांनी जायला हरकत नाही.

पाऊसपाणी

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापुरतं मान्य. नोव्हेंबरात नाही, आणि डोंगरात तर नाहीच. १९७८ मध्ये बट्टिकलोआवर आलेलं वादळ नोव्हेंबरचं, दित्वाही नोव्हेंबरचं. दुपारच्या सरीचं वेळापत्रक सांभाळता येतं, सलग तीन दिवसांचा पाऊस आणि खचणारी दरड नाही सांभाळता येत.

ज्यांना त्या काळात जावंच लागेल त्यांनी तिथल्या राष्ट्रीय इमारत संशोधन संस्थेचे दरडींचे इशारे रोज बघावेत. ते जिल्हा आणि तालुकावार पिवळा, अँबर, लाल असे असतात. अँबर लागला की डोंगरातला मुक्काम सोडून खाली उतरायचं, हॉटेलचे पैसे गेले तरी. आपत्ती विभागाचा क्रमांक ११७, पर्यटक पोलीस १९१२, रुग्णवाहिका १९९०.

हाच सावधपणा मे महिन्याच्या उत्तरार्धाला. आपल्याकडे शाळांना सुट्टी म्हणून मेअखेर जाणारे खूप. पण नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो, श्रीलंकेत त्याच्याही आधी. २०१६ आणि २०१७ दोन्ही वर्षी मे महिन्यातच मोठे पूर आणि दरडी कोसळल्या होत्या. मेमध्ये गेलात तर सिगिरिया आणि पूर्व किनारा धरा, रत्नपुरा-सिंहराजाकडे फिरकू नका.

पंचांगप्रेमी

एप्रिलमध्ये जाणाऱ्यांसाठी: १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष. कोलंबो रिकामं होतं, दुकानं-खानावळी बंद, चालक गावी गेलेले, बसगाड्या तुडुंब, आणि नुवारा एलियात एप्रिलभर स्थानिक लोकांचा मोसम असल्याने दर चढलेले. त्या आठवड्यात मुक्काम हलवू नका, एकाच जागी राहा.

पोयाच्या दिवशी दारूची विक्री बंद, मांसविक्रीही बंद. वेसाकला रस्तोरस्ती आकाशकंदील आणि 'दान्सल' म्हणजे मोफत अन्नाचे मांडव असतात. रांगेत उभं राहून जेवायला कुणालाही मुभा असते. मात्र वाहतूक इतकी तुंबते की त्या संध्याकाळी विमान गाठायचा बेत नको.

वाटसरू_ठाणे

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि सिगिरिया चढू शकणार नाहीत. त्यांचं काय करावं?

स्वयंपाकघर

जेवणाची चिंता नको, पण एक शब्द पाठ करा: उंबलकड. म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. नारळाच्या 'पोळ संबोल' चटणीत, कधी डाळीत आणि भाजीतही तो घालतात आणि वाढणाऱ्याला ते शाकाहारीच वाटतं. 'मासे नकोत' एवढं सांगून भागत नाही, 'उंबलकड नको' असं सांगावं. सकाळी आप्पे (तिकडे आप्पा, वाटीसारखा डोसा) आणि इडियाप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया), दुपारी भात आणि चार-पाच भाज्या. त्रिंकोमालीत तमिळ शैव खानावळी आहेत, तिथे निर्धास्त जेवता येतं.

सिगिरियाला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत, शेवटच्या लोखंडी. आजींनी वर जाण्याचा प्रश्नच नाही, पण पायथ्याच्या पाण्याच्या बागा सपाट आहेत आणि स्वतंत्रपणे बघण्यासारख्या आहेत. वर जाणाऱ्यांनी दार उघडताच जावं. गांधीलमाश्यांमुळे शांतता राखायच्या पाट्या लावलेल्या आहेत, मुलांना आरडाओरडा करू देऊ नका. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे, मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गेलात तर पूर्ण दर पडतो.

देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे ते फार मनाला लावून घेतात.

दर्यावर्दी

आता सगळं जोडून बेत देतो. तिसरी रांदोली साधायची असं धरून:

पहिला दिवस: विमानतळावरून थेट हबरणा-सिगिरिया, मोटारीने चार-साडेचार तास. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला आहे, शहरात शिरायची गरज नाही. दुसरा दिवस: सकाळी सिगिरिया, दुपारी हत्ती. तिसरा ते पाचवा: निलावेली, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, दोन-अडीच तास. सहावा: सकाळी लवकर निघून कँडी, पाच तास धरा, वाटेत जेवण. त्या संध्याकाळी काही ठेवू नका. सातवा: सकाळी दंतमंदिर, दुपारी विश्रांती, रात्री पेराहेरा. आठवा: मोटारीने नानू ओया, तिथून रेल्वेने एल्ला, सामान मोटारीतूनच पुढे पाठवा. नववा एल्लात. दहावा परतीचा, रात्रीचं विमान घ्या. एल्लाहून विमानतळ लांब आहे, पूर्ण दिवस जातो. ते झेपणार नसेल तर एल्ला गाळा आणि निलावेलीत एक रात्र वाढवा. आजी आणि छोटी मुलं बरोबर असताना मी गाळलंच असतं.

अंतरांवर जाऊ नका. द्रुतगती मार्ग सोडले तर तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच होतात. बुकिंगचा क्रम असा: आधी कँडीतली खोली (पाच-सहा महिने आधी, पैसे परत मिळणारी), मग विमान, मग चालकासह गाडी, सर्वांत शेवटी रेल्वे. खोली घेताना मिरवणुकीच्या मार्गाच्या आत आहे की बाहेर ते विचारा. आत असेल तर संध्याकाळी गाडी तिथपर्यंत येणार नाही, बाहेर असेल तर आजींना किती चालावं लागेल ते मोजून घ्या.

यात्रेकरू_४१६

याच काळात जाफन्यात नल्लूरच्या कंदस्वामीचा (कार्तिकेयाचा) उत्सव चालू असतो, पंचवीस दिवस. तो श्रावण अमावास्येच्या सुमारास संपतो, म्हणजे आपल्या पोळ्याला. रथ त्याच्या आदल्या दिवशी. ज्यांच्याकडे दोन आठवडे आहेत त्यांनी कँडी आटोपून उत्तरेला जावं. उत्तरही ऑगस्टमध्ये कोरडीच असते. पुरुषांना देवळात शर्ट काढून जावं लागतं. रथाचा दिवस पाहून परतलात तरी गणपतीआधी घरी पोहोचता.

वाटसरू_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. एल्ला गाळतोय, निलावेली चार रात्री. खुर्च्या छताखालच्या, पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेतल्या बघतोय. मालिगावाच्या तारखा जाहीर होईपर्यंत विमान थांबवतो, खोली मात्र आजच धरतो.

ढोलताशा

खोली एका रात्रीची नको, दोन रात्रींची धरा. पाऊस किंवा गर्दीमुळे एक रात्र हुकली तर दुसरी हाताशी राहते.